इंजिनाला हळदकुंकू

बावीस वर्षं मी फळ्यावर चार स्ट्रोकचं इंजिन काढत आलो. पेट्रोलच्या वाफेला निळा खडू, स्फोटाला लाल, धुराला पिवळा. हात इतका बसला होता की मुलांकडे तोंड करून, पाठीमागे हात नेऊन काढलं तरी सिलिंडरच्या दोन्ही भिंती सरळ यायच्या. पिस्टन खाली जातो तो क्षण मी गुडघे वाकवून करून दाखवायचो. स्फोटाला टेबलावर अशी थाप मारायचो की मागच्या बाकावरचे झोपलेले उठून पुस्तक शोधायला लागायचे. औरादच्या मराठी शाळेतला विज्ञानाचा मास्तर म्हणून माझी जी काही कीर्ती आहे ती या एका धड्यावर उभी आहे. आणि आता लपवून काय करायचंय, या बावीस वर्षांत मी एकदाही पिस्टन हातात धरलेला नव्हता.

पन्नाशी जवळ आली की माणसाला काहीतरी होतं. कुणी योगासनं सुरू करतो, कुणी प्लॉट घेतो. मी मेलेली गाडी घेतली.

बिदरच्या वाटेवर एका धाब्यामागे बाभळीखाली ती उभी होती. लाल, छोटी, तीन सिलिंडरची. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि आम्ही दार उघडलं तेव्हा तिनं आमच्याकडे मालकिणीच्या नजरेनं बघितलं. धाबेवाला म्हणाला, इंजिन जाम हाय सर, बाकी गाडीला काय बी झालं न्हाई. दोन बऱ्या शेळ्यांच्या किमतीत सौदा झाला. कोंबडी त्यानं ठेवून घेतली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गाडी चढवून मी गावात शिरलो तेव्हा माझी छाती अशी फुगली होती, जणू मी तिला जिंकून आणलंय. बायकोनं गाडीभोवती एक चक्कर मारली, सीटवरची पिसं बघितली आणि एकच अट घातली: ही वस्तू तिच्या अंगणात येणार नाही.

तेव्हा धावून आल्या अक्का. आमच्या घराला भिंत लागून अक्कांचं घर. तुरीच्या व्यापाऱ्याचं घराणं, बसवण्णांना मानणारं. अक्कांच्या कपाळावर विभूती असते आणि त्यांचं वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपतं. त्यांच्या मागच्या पत्र्याच्या शेडात पूर्वी तुरीची पोती असायची. आता तूर थेट गुलबर्ग्याच्या बाजारात जाते, म्हणून शेड रिकामं. अक्का म्हणाल्या, ठेवा की ओ सर, रिकाम्या शेडात उंदरं फिरायलेत, त्यापेक्षा तुमची गाडी बरी. शेडाच्या तुळईला पोती वजन करायचा लोखंडी हुक अजून टांगलेला होता. मी त्या हुकाकडे बघितलं आणि मला पुढचा सगळा खेळ दिसला: याच हुकाला साखळी लावून मी इंजिन वर उचलणार.

पहिल्या आठवड्यात मी एकही बोल्ट काढू शकलो नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पाना सटकून माझी बोटं सोलली, तेवढ्यात गल्लीतून आवाज आला, "मास्टरसाब, तेराचा लावलात. बाराचा घ्या."

गल्लीत काठी टेकून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरी दाढी, चौकड्याची लुंगी, डोळ्यांवर जाड चष्मा आणि नजर माझ्याकडे नाही, माझ्या थोडी डावीकडे. मी हातातला पाना बघितला. तेराचाच होता. त्यांनी तो पाहिला नव्हता, त्याचं सटकणं नुसतं ऐकलं होतं.

हे मेस्त्री. बिदरला त्यांचं चाळीस वर्षं गॅरेज होतं. डोळे अधू झाले तसे ते औरादला लेकीकडे येऊन राहिले, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. गॅरेज आता पुतण्या बघतो. मी त्यांना आत बसवलं, चहा मागवला, आणि मोठ्या अदबीनं विचारलं की मला जरा शिकवाल का. ते उठून गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले, गुरांच्या बाजारात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभं राहावं तसे.

मग त्यांनी सांगितलं ते असं. गेल्या वर्षी गॅरेजमध्ये त्यांनी शेवटचं इंजिन बांधलं. त्याचं गिऱ्हाईक हुमनाबादपर्यंतसुद्धा पोचलं नाही, वाटेतच इंजिन जाम झालं. दुसऱ्या दिवसापासून मेस्त्रींना गॅरेजमध्ये खुर्ची मिळू लागली, चहा मिळू लागला, पाना काही मिळेना. चूक त्यांची होती की कुणा दुसऱ्याची, हे कुणी तपासलंच नाही.

"डोळे गेले ते मला ठाऊक हाय, मास्टरसाब," ते म्हणाले. "हात गेले का न्हाई, तेवढं बघायचंय. एक इंजिन मला बांधू द्या."

संध्याकाळी त्यांची लेक आमच्या दारात आली. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलली. "सर, तुम्हाला गंमत वाटत असल. पण ते इंजिन चालू नाही झालं तर अब्बा परत अंथरूण धरतील. मागल्या वेळी आठ दिवस जेवले न्हाईत." अब्बांची पान्यांची पिशवी तिनं तेव्हापासून ट्रंकेत कुलपात घातली होती. मी तिला सांगितलं की आम्ही अगदी जपून करू. जपून हा शब्द मी किती सहज वापरला ते पुढे कळेलच.

आता माझा छंद माझा राहिला नव्हता. पण मजा मात्र दुप्पट झाली. शाळा सुटली की मी जुनी पँट चढवून शेडात हजर. मेस्त्री तुरीच्या रिकाम्या पोत्यावर मांडी घालून बसायचे आणि मी त्यांचे डोळे व्हायचो. जाम झालेल्या सिलिंडरमध्ये त्यांनी डिझेल आणि ब्रेक ऑइल मिसळून ओतायला लावलं, आणि चार दिवस हात लावू नका म्हणाले. मी तीन वेळा चोरून हात लावला. पाचव्या दिवशी त्यांनी लाकडाचा ठोकळा ठेवून दोन ठोके दिले, आणि पिस्टन असा खाली सरकला जशी दारामागं लपलेली एखादी सून शेवटी पाहुण्यांसमोर येते.

तो पिस्टन मी हातात धरला. किती हलका असतो हो तो. बावीस वर्षं मी लोखंडाचा गोळा असल्यासारखा गुडघे वाकवून त्याला खाली नेत होतो. दुसऱ्या दिवशी मी तो रुमालात बांधून वर्गात नेला. साठ मुलांच्या हातांतून फिरून तो परत आला तेव्हा स्वच्छ झाला होता आणि साठ मुलांचे शर्ट काळे.

इथे मला एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, कारण पुढचं रामायण तिच्यावरच आहे. पिस्टनच्या खाली एक दांडा असतो, कनेक्टिंग रॉड. त्याचं खालचं टोक गोल कड्यासारखं असतं आणि ते दोन अर्ध्या भागांचं बनतं: वरचा अर्धा रॉडचा, खालची सुटी कॅप. कारखान्यात दोन्ही एकत्र बसवून, एकत्र घासून तयार करतात. म्हणून या रॉडची कॅप त्या रॉडला बसवायची नाही. दिसायला सगळ्या सारख्या, पण केसभर फरक असतो, आणि तो केस इंजिनाच्या जिवावर उठतो. आमच्या इंजिनावरचे मूळ आकडे आधीच्या कुणीतरी कानशीनं घासून टाकले होते. मेस्त्रींनी मला हातोडी आणि पंच दिला. एक नंबरच्या जोडीवर एकेक ठिपका ठोका, दोनवर दोन, तीनवर तीन.

मी हातोडी उचलली आणि खाली ठेवली. इतकी सुंदर, घासून चकाकणारी वस्तू, आणि तिच्यावर घाव? मी शाळेतला मार्कर काढला आणि माझ्या वळणदार अक्षरात एक, दोन, तीन असे आकडे लिहिले. मेस्त्रींनी विचारलं, झालं का. मी म्हटलं, झालं.

सिलिंडर बिदरला लेथवर जाऊन आले, नव्या रिंगा आल्या, बेअरिंगं आली. सगळे भाग पोत्यावर क्रमानं मांडून मी वर धोतराचं जुनं पान झाकलं. दसरा झाला की बांधायला घ्यायचं ठरलं.

आम्ही बौद्ध. दसऱ्याला आमच्या घरी हत्यारांची पूजा नसते. आम्ही पांढरे कपडे घालून आदल्या दिवशीच गुलबर्ग्याला निघतो, पाहुण्यांकडे मुक्काम करून विहारात जातो, आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. अक्कांकडे मात्र खंडेनवमीला आयुधपूजा म्हणजे मोठा सोहळा. विळी, खुरपं, तराजू, शिलाई मशीन, मोटारसायकल, मिक्सर, सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, शेवंतीची फुलं वाहून. त्या दिवशी त्यांच्या घरात एकही वस्तू कामाला जात नाही.

आम्ही परतलो. मी बॅगसुद्धा खाली न ठेवता शेडात गेलो आणि तिथंच थबकलो.

धोतराच्या पानाची घडी बाजूला ठेवली होती. पोत्याच्या जागी स्वच्छ चादर. माझं सगळं इंजिन चिंच आणि राख लावून, नारळाच्या काथ्यानं घासून, करडईच्या तेलाचा हात फिरवून लख्ख केलेलं. बोल्ट उंचीप्रमाणे उभे केलेले, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी करतात तसे. तीन रॉड एका ओळीत पळ्यांसारखे. तीन कॅप दुसऱ्या ओळीत, उताण्या, वाट्या मांडतात तशा. प्रत्येकीवर हळद, हळदीवर कुंकू, कुंकवावर शेवंतीची पाकळी. माझ्या वळणदार आकड्यांचा कुठंही मागमूस नव्हता.

अक्का मागून आल्या, चेहरा फुललेला. "तुमच्यात करत न्हाईत ते मला ठाऊक हाय, सर. पण माझ्या छपराखाली हाय ना ते. एवढ्या सगळ्यांची पूजा झाली आणि हे एकटंच तसंच पडून राहिलं, ते मला बघवलं न्हाई." नवमीची सबंध सकाळ बसल्या होत्या. बोटं अजून हळदीनं पिवळी होती. मी म्हटलं, अक्का, हे नवीन असताना पण इतकं चांगलं दिसलं नसेल. हे अगदी खरं होतं.

आणि मग मी जे केलं ते मास्तरला शोभणारं नव्हतं. अक्का घरात गेल्या तसं मी फडकं घेऊन सगळं हळदकुंकू पुसलं, रॉड-कॅपच्या जोड्या अंदाजानं लावल्या आणि गप्प बसलो. सांगितलं तर अक्का ओशाळतील, असं मी स्वतःला समजावलं. खरी गोष्ट अशी की माझा मार्कर उघडा पडला असता. तीन रॉड, तीन कॅप, सहा प्रकारे लागतात आणि त्यांतला एकच बरोबर, एवढं गणित मलाही येत होतं. पण परीक्षेत पोरं करतात तसं मीही ठोकून दिलं.

दोन दिवसांनी मेस्त्री आले. त्या दिवशी त्यांनी धुतलेली लुंगी नेसली होती, अत्तर लावलं होतं. पोत्यावर बसले, हात पुढे केला. मी पहिली जोडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी कॅप रॉडला लावली, बोल्ट हातानंच आवळले आणि अंगठ्याचं नख जोडावरून फिरवलं. मग थांबले.

"मास्टरसाब, ही ह्याची बायको न्हाई."

मी सगळं ओकलो. मार्कर, चिंच, फडकं, सगळं. त्यांनी रॉड आणि कॅप वेगळी केली. मग म्हणाले, "हातोडी दिली होती ना मी?"

"इतक्या चांगल्या वस्तूवर घाव घालवेना, मेस्त्री."

"मग लेकरांना सुई टोचताना तुम्ही डॉक्टरचा हात धरत असाल."

मला हसू आलं, आणि त्याहून जास्त आनंद झाला. हात गेलेला माणूस हे असं एका नखानं ओळखू शकतो का? मी मनात म्हटलं, हाच निकाल. पण निकाल अजून लागला नव्हता. त्यांनी दुसरी कॅप लावून बघितली, नख अडकलं. तिसरी लावली, नख सरळ गेलं. एक जोडी सापडली. राहिले दोन रॉड आणि दोन कॅप. इकडून लावली, नख अडकलं. तिकडून लावली, तरी अडकलं. असं होऊच शकत नाही. दोनांतली एक तरी जुळायलाच हवी. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा. चौथ्या वेळी त्यांनी घाम पुसला. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

त्यांनी रॉड हळूच चादरीवर ठेवला. लुंगीला हात पुसले, फार वेळ पुसले. म्हणाले, "लेथवाल्याकडं पाठवा. तो मापून सांगल. माझ्यानं न्हाई होत."

दारात अक्का चहाची किटली घेऊन कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. सगळं ऐकलेलं दिसत होतं. त्या पुढे आल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, मेस्त्री, माझ्यामुळं झालं हे. मेस्त्री लगेच सावरून बसले. त्यांनी अक्कांना सांगितलं की त्यांच्या गॅरेजात चाळीस वर्षं नवमीला पूजा व्हायची. गिऱ्हाईकं यायची, फुलं वाहायची, नारळ मेस्त्रींच्याच हातानं फुटायचा, आणि त्या दिवशी पान्याला हात लावायची त्यांचीही छाती नव्हती. तुमचं काय बी चुकलं न्हाई, चुकलं या मास्टरसाबचं. अक्कांनी कपात चहा ओतला. मेस्त्रींनी कप घेतला, ओठापर्यंत नेला आणि तसाच खाली आणला.

"अक्का, कुंकू कुठं कुठं लावलं होतं?"

"सगळ्याला. जिथं जिथं जास्त चकाकायलं, तिथं."

रॉडला सगळ्यात जास्त चकाकणारी जागा कुठली असते? जिथं कॅप येऊन टेकते ती. मी दोन्ही रॉड आणि कॅप उचलून उन्हात धावलो. वरवर सगळं साफ होतं, कारण फडकं मी वरवरच फिरवलं होतं. पण टेकायच्या जागेवर, आतल्या कोपऱ्यात, करडईच्या तेलात कालवलेलं हळदकुंकू वाळून रंगासारखं चिकटलं होतं. एका रॉडवर आणि दोन्ही कॅपवर.

अक्का घरातून दात घासायचा ब्रश घेऊन आल्या. कुणाचा होता ते मी अजून विचारलेलं नाही. रॉकेलमध्ये बुडवून त्या स्वतः घासायला बसल्या, जेवढ्या भक्तीनं लावलं होतं तेवढ्याच भक्तीनं. मी फुंकर मारून वाळवलं. मेस्त्रींनी हात पुढे केला नाही. मी रॉड त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला, तेव्हा कुठं त्यांनी कॅप चाचपली, बसवली, बोल्ट आवळले. नख फिरवलं. पलीकडच्या बाजूनं फिरवलं. मग माझा अंगठा धरून माझं नख त्या जोडावरून नेलं. काचेवरून नेल्यासारखं ते गेलं.

"हाय," ते म्हणाले. "ही ह्याचीच."

मग थंड झालेला चहा एका घोटात संपवून म्हणाले, "मागल्या खेपेला पण कुठंतरी कुंकू राहिलं असल." आणि हसले. अक्का हसल्या, मीही हसलो. पण मला कळलं की त्यांचा स्वतःचा अजून विश्वास बसलेला नाही. तो इंजिन चालू झाल्याशिवाय बसणार नव्हता. यावेळी मी पंच घेतला आणि एक, दोन, तीन ठिपके ठोकले. प्रत्येक घावाला डोळे मिटले, पण ठोकले.

रविवारी दुपारी इंजिन गाडीत बसलं होतं, बॅटरी जोडली होती, आणि शेडात जरा जास्तच गर्दी होती. माझी बायको, अक्का, आणि दाराशी हाताची घडी घालून उभी मेस्त्रींची लेक. मेस्त्रींनी मला किल्ली फिरवायला सांगितली. पहिल्यांदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा सगळ्या पत्र्याला हादरा बसला, काळा धूर निघाला, मग निळा, मग धूर विरळ झाला आणि इंजिन चालू लागलं. तीनही सिलिंडर, एका चालीत. माझ्या बावीस वर्षांच्या फळ्यावरचं चित्र माझ्यासमोर बोलत होतं, आणि मी, जो एरवी स्फोटाला टेबल बडवतो, तो स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिलो.

मेस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून, मूठ कानाला लावून ऐकत होते. बराच वेळ ऐकत होते. मग हात हलवून बंद करायला लावलं.

"दोन नंबरचा एक वाल्व बोलायलाय. उद्या उघडू."

लेक माझ्याकडे बघायला लागली. मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं, म्हाताऱ्याला उद्या परत यायचंय, एवढंच. मन भरून आलं. मी म्हटलं, "हो हो, मला पण ऐकू आलं."

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा खांद्याला एक जुनी, तेलकट कॅनव्हासची पिशवी होती. लेकीनं ट्रंक उघडली होती. त्यांनी स्वतःचा पाना काढला, तळहातावर जरा तोलला आणि माझ्या हातात देऊन इंजिनाचं वरचं झाकण मला काढायला लावलं. आत सहा वाल्व ओळीनं.

"काल तुम्हाला ऐकू आलं ना, मास्टरसाब?"

"आलं की."

"मग दोन नंबरच्या दोनांतला कुठला, दाखवा."

मी चेहरा गंभीर केला, जरा पुढे वाकलो, आणि पूर्ण आत्मविश्वासानं एकावर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट चाचपून बघितलं कुठं आहे ते.

"शाळेत बी असंच शिकवायलात का?"

त्यांनी माझं बोट उचललं आणि शेजारच्या वाल्ववर ठेवलं, आणि माझ्याच बोटानं त्याचा दांडा हलवला. टिक, टिक. हलका, अगदी बारीक, पण होता. मग पिशवीतून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची पातळ पाती काढून, डोळे दुसरीकडेच लावून, वाल्वच्या फटीतून एकेक पातं सरकवत ते योग्य मापाला आले, आणि मी त्यांच्या हातात पाना दिला.